पोट्ट्यांना सेवेची सवय लावायची तर सुरुवात कुठून करायची

ज्यांना हे करायचं तर आहे पण हात कुठून घालायचा तेच कळत नाही त्यांच्यासाठी लिहून राहिलो. म्हणजे नवीन मायबाप, गावात नुकतीच बदली होऊन आलेले सर-मॅडम, नाहीतर पुण्याहून परत गावात येऊन राह्यलेले लोक, ज्यांना वाटते की आपल्या पोरानं मोबाईल बाजूला ठेवून चार माणसांच्या कामी पडावं. आमच्या गावात, यवतमाळ जिल्ह्यात, रविवारी सकाळी पोरांचा एक गट जमतो, मी त्यात असतो, तर हे सगळं तिकडचंच आहे आणि शहरातल्या सोसायटीत जसंच्या तसं चालणार नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. आपल्या खेड्यात मदत काही बाहेरून आणायची नाही. मयत झाली की अर्धं गाव बोलावणं न पाठवता येते, कुणी लाकडाचं पाहते, कुणी पाहुण्यांच्या चहापाण्याचं पाहते. जुने लोक इर्जिकीच्या गोष्टी सांगतात, एकाचं वावर मागं पडलं की बाकीचे आपापली बैलजोडी घेऊन जायचे, दिवसभर नांगरून द्यायचे आणि त्यानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं, मजुरीचा विषयच नाही. ट्रॅक्टर तासावर मिळायला लागला अन् ते गेलं. जे उरलं आहे त्यातूनही आपणच पोरांना "तू बस, तुझा पेपर आहे" म्हणून बाजूला करतो आणि मग दहावीनंतर म्हणतो की पोरगं कुणाच्या कामाचं नाही. तर आपल्याला नवीन काही शिकवायचं नाही, पोरांना परत आत घ्यायचं आहे.

पहिली पायरी: भाषण नको, आधी झाडू

गाडगेबाबा आपल्याच इकडचे, १८७६ ला अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावला जन्मले. त्यांची पद्धत पाहा. गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडायला लागायचे, लोक हळूहळू जमायचे, काही जण स्वतःहून हाताला लागायचे, आणि कीर्तन व्हायचं ते रात्री. आपण बरोबर उलटं करतो, शाळेत अर्धा तास सेवेचं महत्त्व सांगतो आणि नंतर पोरांना झाडू देऊन आपण सावलीत खुर्ची टाकून बसतो. पोरं बोलत नाहीत पण पाहतात सगळं. म्हणून पहिले काही आठवडे तुम्ही स्वतः एखादं काम करा, शेजारच्या बुढ्याचं गॅस सिलिंडर आणून द्या, अंगणवाडीच्या दारातला चिखल उपसा, आणि पोराला फक्त सोबत घेऊन जा. सांगू काही नका. ते विचारते की बाबा आपण हे काहून करून राहिलो, तेव्हा दोन वाक्यात उत्तर द्या आणि विषय सोडा.

दुसरी: घरातलं काम आणि सेवा यांची गल्लत नको

इथं मी थोडा थांबणार आहे कारण बाकीच्या ठिकाणी हे कुणी सांगत नाही. स्वतःचं ताट उचलणं, अंथरूण घडी करणं, ढोरांना पाणी पाजणं ही सेवा नाही, ते घरात राहायचं काम आहे आणि त्याचे पैसेही देऊ नका, एकदा दहा रुपये दिले की पुढच्या वेळी वीस मागतात.

आणि आपल्याकडं दहा वर्षांची पोरगी पाणी भरते, लहान भावाला सांभाळते, पोळ्या लाटायला बसते, तिचा भाऊ मात्र बॅट घेऊन मैदानात. आता तुम्ही म्हणाल चला पोरांनो सेवेला, तर पुन्हा झाडू पोरीच्याच हातात येणार आणि पोरगा माईक पकडणार. आमच्या गटात पाळ्या लावल्या आहेत, झाडणं, पाणी आणणं, वही लिहिणं, लोकांशी बोलणं, सगळं सगळ्यांना. पोरांच्या आयांना सुरुवातीला गंमत वाटली, आता घरीही म्हणतात की रविवारी झाडतोस तर इथं काय झालं तुला.

दुसरं म्हणजे कापूस वेचायच्या दिवसात पोरांना शाळा बुडवून वावरात नेतात, त्याला कुणी "मदत" म्हणते, पण ते काम आहे, मजुरी आहे. १४ वर्षांच्या आतल्या पोराला कामाला ठेवणं कायद्यानंच बंद आहे. त्यामुळं कुणी मोठा शेतकरी म्हणाला की तुमच्या गटातली पोरं एक दिवस वेचायला पाठवा, सेवाच आहे ना, तर हसून नाही म्हणा. ज्याला मजूर लावणं परवडते त्याच्याकडं सेवा होत नसते.

तिसरी: वही घेऊन गावात फिरा

काम तुम्ही ठरवू नका. एका रविवारी पोरांना वही-पेन घेऊन अख्ख्या गावातून फिरवा आणि सांगा, जिथं कुणाला त्रास होऊन राहिला असं दिसते ते लिहा. मोठ्यांना वर्षानुवर्षं न दिसलेलं पोरांना दिसते. आमच्याकडं लिहून आलं ते असं: हातपंपाजवळ डबकं साचते आणि तिथं डास, एसटीच्या थांब्यावर सावली नाही, एका आजीचा चष्मा तुटला आहे आणि ती दोऱ्यानं बांधून वापरते, शाळेच्या नळाला तोटी नाही, काळ्या कुत्र्याच्या पायाला लागलं आहे.

मग बसून वाटणी करा, कोणतं आपल्या हातानं होते आणि कोणतं ग्रामपंचायतीचं आहे. चष्मा आपल्या हातचा, म्हणजे तिच्या पोराला फोन करायचा किंवा तालुक्याला जाणाऱ्या कुणासोबत फ्रेम पाठवायची. डबक्यासाठी शोषखड्डा लागतो, मोठे दगड खाली, लहान वर, वरून वाळू, दगड आणायचं काम पोरं मजेत करतात, पण आपली जमीन काळी आहे, काळ्या मातीत पाणी मुरत नाही, खाली मुरूम लागेपर्यंत खोदावं लागते आणि ते टिकास-फावड्याचं काम मोठ्यांचं. थांब्याचं शेड तर सरळ पंचायतीचं.

त्यासाठी पोरांनी स्वतःच्या अक्षरात सरपंचाला अर्ज लिहावा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखांना ग्रामसभा असते, तिथं मोठ्या कुणाकडून तो वाचून घ्या. पोराच्या अक्षरातला अर्ज टाळायला ग्रामसेवकालाही थोडी लाज वाटते. आणि पोरांना कळते की काही कामं हातानं करायची असतात आणि काही ज्याची जबाबदारी आहे त्याच्याकडून करवून घ्यायची असतात, दोन्ही मदतच.

चौथी: विचारल्याशिवाय हात लावायचा नाही

पोरांना उत्साह आला की ते कुणाच्याही आंगणात घुसून झाडायला लागतात. आमच्याकडं पोरांनी एका बुढीचं आंगण चकाचक केलं, त्यात तिनं वाळत टाकलेल्या शेंगाही उचलून कचऱ्यात गेल्या. ती काय बोलली ते इथं लिहिता येत नाही.

त्यामुळं बोलायचं कसं ते आधी घरी करून घ्या.

"आजी, पाणी आणून देऊ का?"
"नको रे बाप्पा, आताच भरलं."
"मग दुसरं काही?"
"बस थोडा वेळ. तुह्या बापाचं नाव काय?"

हे "बस थोडा वेळ" लय महत्त्वाचं आहे. ज्यांची पोरं पुण्या-मुंबईला आहेत अशा म्हाताऱ्या माणसांना काम करणाऱ्यापेक्षा बोलणारं माणूस जास्त पाहिजे असते, पण पोरांना वाटते की काहीतरी उचललं-ठेवलं तरच ती मदत. अर्धा तास बसून ऐकलं तर तेही वहीत लिहू द्या. आणि कुणी नाही म्हटलं तर नाही, आग्रह करायचा नाही.

कपडे द्यायचे असतील तर धुतलेले, बटण लावलेले, जे आपण स्वतः घालू शकू असे. वर्गातल्या पोराला द्यायचं तर वर्गासमोर नाही, त्याच्या आईच्या हातात, गुपचूप. "गरिबांना मदत" हा शब्द आमच्या गटात आम्ही वापरत नाही कारण गटातलीच अर्धी पोरं कुणाच्या तरी हिशोबात गरीब आहेत.

याच्याशीच जोडलेली गोष्ट म्हणजे पोरं पहिल्यांदा आपापल्याच आळीत फिरतात, ते कुठून शिकले ते आपल्याला माहीत आहे. गावाबाहेरचा बेडा असो, तांडा असो, नाल्यापलीकडची वस्ती असो, तिथं गटानं फक्त वाटायला जायचं नाही, तिथल्या पोरांना गटात घ्यायचं. तीच पोरं पाळीनं वही लिहितील, माठ भरतील, मंदिरासमोर पाणी वाढतील. एखाद्या घरून कुरकुर येईल. येऊ द्या, पाळी बदलू नका.

पाचवी: वयाप्रमाणे काम

चार-सहा वर्षांच्या लेकराला एकच काम द्या, रोजचं आणि दिसणारं. उन्हाळ्यात पाखरांसाठी खापरात पाणी भरणं याच्याइतकं चांगलं काम मला माहीत नाही, कारण पाखरू येऊन पाणी पिते ते त्याला लगेच दिसते.

सात-दहा वर्षांचे पंगतीत पाणी वाढू शकतात, शाळेतली फाटकी पुस्तकं चिकटवू शकतात, आजोबांना पेपर वाचून दाखवू शकतात. गजानन महाराजांची पालखी शेगावहून पंढरपूरला जाते त्या वाटेवरच्या गावांना तर आयतीच संधी आहे, वारकऱ्यांना पाणी द्या, चहा द्या. शेगावला कधी गेलात तर पोराला मंदिराइतकंच सेवाधारी लोकांकडं पाहायला लावा, कोण झाडते, कोण रांग सांभाळते, आणि घरी परत येताना विचारा की तुला त्यातलं कोणतं काम आवडलं असतं.

अकरा-चौदाचे पोट्टे म्हणजे खरी ताकद. लहानांचे पाढे घेणं, झाडं जगवणं, आणि आजकाल सगळ्यात मागणी असलेलं काम म्हणजे मोबाईल. बुढा माणूस फोन घेऊन येतो, "पाय बरं बाबू, किसानचे दोन हजार आले काय?" पोरानं मेसेज वाचून सांगावं. पण इथं एक कडक नियम: ओटीपी, पिन, एटीएम कार्ड, अंगठा यातलं काहीही पोरानं घ्यायचं नाही, ऐकायचं नाही, टाईप करायचं नाही. उद्या खात्यातून पैसे गेले तर दोष पोरावर येतो आणि ते पोरगं पुन्हा कुणाच्या मदतीला जाणार नाही. मेसेज वाचणं, नंबर सेव्ह करून देणं, लेकीला व्हिडिओ कॉल लावून देणं, बस.

त्याच्यापुढं शाळेत स्काऊट-गाईड असेल तर त्यात टाका, लहानांसाठी त्यातच कब-बुलबुल असते. अकरावी-बारावी आणि कॉलेजला राष्ट्रीय सेवा योजना, ती १९६९ पासून म्हणजे गांधी जन्मशताब्दीच्या वर्षापासून चालू आहे, त्यात दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं गावातलं शिबिर असते. बरेच जण मार्कांसाठी जातात, जाऊ द्या, शिबिरात एकदा रात्री चाळीस लोकांच्या पोळ्या लाटल्या की डोक्यातले मार्क निघून जातात. आणि मोठी झाली की बाबा आमटेंनी सुरू केलेल्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला पाठवा, चंद्रपूर जिल्ह्यात मूलजवळ, ऐन मे महिन्यात असते.

सहावी: आपल्या हंगामाप्रमाणे काम लावा

विदर्भात पारा ४५ च्या वर जातो, आपल्या शाळासुद्धा बाकी महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या शेवटी उघडतात, तर मे महिन्यात अकरा वाजता पोरांना श्रमदानाला उभं करणं म्हणजे वेडेपणा. सकाळी सहा ते साडेआठ. त्यानंतर घरी.

उन्हाळ्याचं काम म्हणजे पाणपोई, आणि नवीन लोकांनी इथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे कारण खर्च नाही आणि परिणाम त्याच दिवशी दिसतो. दोन माठ, खाली ओली वाळू, भोवती ओलं गोणपाट, वर झाकण, आणि लांब दांड्याचं ओगराळं, म्हणजे कुणाचा हात पाण्यात जात नाही. माठ रोज सकाळी आतून धुवायचा, यात सूट नाही, शिळं पाणी पाजून पुण्य मिळत नाही. पाळ्यांचा कागद दुकानाच्या भिंतीवर चिकटवा. सुरुवातीचे चार दिवस सगळे येतात, नंतर एकटं-दुकटं पोरगं उरते, तेव्हा तुम्ही जाऊन त्याच्यासोबत माठ धुवा.

पावसाळ्यात झाडं. आता याच्यात आपल्या सगळ्यांची एक परंपरा आहे, खड्डा तोच, झाड दरवर्षी नवीन, फोटोतले पाहुणे फक्त बदलतात. पोरांना शंभर झाडं लावायला लावू नका. दोन पोरांत एक झाड, आणि काम लावण्याचं नाही, जगवण्याचं. बकऱ्यांसाठी बाभळीच्या काट्यांचं कुंपण घाला, आणि फेब्रुवारी ते जून पाणी कोण घालणार ते जुलैतच लिहून ठेवा. कडुनिंब, करंज असं आपल्या उन्हात तगणारं झाड घ्या.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरं लाकडाचे बैल घेऊन घरोघर जातात, बोजारा मिळतो. त्यातले थोडे पैसे दुसऱ्यासाठी ठेवायचे का, किती, आणि कशासाठी, हे पोरांनाच ठरवू द्या. तुम्ही हात पुढं करून मागितले तर ती वसुली झाली. आमच्याकडं एका वर्षी पोरांनी बराच वाद घालून कॅरमच्या सोंगट्या आणल्या, अंगणवाडीतल्या लेकरांसाठी म्हणे, ज्यांना कॅरम येत नाही. मी काही बोललो नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोयाबीन आणि कापूस, घरातलं प्रत्येक माणूस वावरात असते, तेव्हा गट बंद ठेवा. सांजेच्याला पोरं घरीच लागतात.

सातवी: बक्षीस, फोटो आणि "आज नाही येत"

कामाला चॉकलेट लावू नका. काम झाल्यावर सगळ्यांनी मिळून पोहे खाणं वेगळं, ते जरूर करा, तिथंच अर्धी मैत्री होते. कौतुक करताना "लय शहाणा माझा" म्हणण्यापेक्षा काय झालं ते सांगा: "तू आठवण केली म्हणून काकूची बीपीची गोळी आज चुकली नाही."

फोटो काढायचाच तर कामाचा काढा, घेणाऱ्याच्या तोंडाचा नाही. ब्लँकेट घेताना आपला आजा कुणाच्या स्टेटसवर दिसला तर आपल्याला कसं वाटेल, एवढं पोरांना विचारा, पुढचं ते समजतात.

आणि कंटाळा येणारच. येऊ द्या, जबरदस्ती केली की ती शिक्षा होते. फक्त एक ठेवा: ज्याला येतो म्हणून सांगितलं त्याला स्वतः जाऊन सांगायचं की आज येत नाही. आईनं सांगायचं नाही, मेसेज नाही. पोरगं त्या आजीच्या दारापर्यंत जाते, ती म्हणते "जाय बाप्पा खेळ", आणि बहुतेक वेळा ते पाणी भरूनच परत येते. नाही भरलं तरी चालते, शब्द दिला होता एवढं लक्षात राहिलं म्हणजे झालं.

आठवी: यात तडजोड नाही

विहीर, नाला, शेततळं यांच्या काठावर पोरांचं काम ठेवायचं नाही, मोठं माणूस सोबत असलं तरी नाही. पावसाळ्यात दगड, लाकडं, कुटाराचे ढीग उचलायचे नाहीत, सापांची जागा आहे ती. कुणाच्या घरात एकट्यानं जायचं नाही, दोघंजण, आणि कुठं जाऊन राहिलो ते घरी माहीत पाहिजे. १०९८ हा बाल हेल्पलाईनचा नंबर प्रत्येक पोराला पाठ करून द्या.

आणि आपल्या भागापुरतं सगळ्यात मोठं: सफाई करताना फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे, बाटल्या, पुड्या पोरांनी उचलायच्या नाहीत. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर गेले, ते कुणी विसरलं नाही, पण तेच डबे धुऱ्यावर, नाल्यात पडलेले असतात आणि पोरं उत्साहात गोळा करतात, कधी त्यात पाणीही भरतात. सफाईच्या आधी मोठ्या माणसानं एक चक्कर मारून हे डबे आणि फुटकी काच वेगळी काढावी, मगच पोरांना बोलवावं.

जागा आणि लोकं

नवीन गट म्हणजे नवीन संस्था काढायची, पावतीपुस्तक छापायचं, असं काही नाही. गावात गुरुदेव सेवा मंडळ असेल, तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना होत असेल, तर तिथल्या म्हाताऱ्यांना जाऊन भेटा, जागा आणि चार जाणकार माणसं तिथंच मिळतात. बचत गटाच्या बायका, आशाताई, अंगणवाडीताई यांना कुणाच्या घरी काय अडचण आहे ते तुमच्या वहीपेक्षा जास्त माहीत असते, फक्त त्यांच्या डोक्यावर आणखी एक काम टाकू नका. पैसे जमा करू नका. लागलाच माठ तर कुणी एकानं माठच आणून द्यावा.

लोक विचारतील, "काय बापा, सरपंचकीला उभं राह्यचं काय?" विचारतातच. नाही म्हणून सांगा, आणि ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की महिनाभर गट सरळ बंद करा, पाणपोई तेवढी चालू ठेवा पण बॅनर कुणाचाच लावू देऊ नका. कुणी ना कुणी पोरांसाठी फुकट टी-शर्ट घेऊन येतो, पाठीवर पॅनलचं चिन्ह छापलेलं. ते घ्यायचे नाहीत.